बिनठशाचा अंगठा

ओरासिओ बेतेंकुरनं चाळीस वर्षं दुसऱ्यांची तपासणी केली. सांता एउलालिया ह्या पोर्तुगीज वस्तीच्या गावाच्या आसपास दुधाचे जेवढे म्हणून गोठे होते, तेवढ्या सगळ्यांच्या टाक्यांत त्यानं नाक खुपसलं होतं. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. तो टाकीचं झाकण उघडायचा, डोळे मिटायचा आणि खरोखरच नाक आत घालून एक दीर्घ श्वास घ्यायचा. मग मान हलायची. उभी हलली तर ठीक. आडवी हलली की हजार गॅलन दूध गटारात आणि गोठेवाला आठवडाभर बायकोशी अबोला धरून. सरकारी दूधनिरीक्षक होता तो, आणि कॅलिफोर्नियाच्या त्या सगळ्या खोऱ्यात त्याला कुणी कधी कॉफीचा घोटही पाजू शकलं नव्हतं.

अशा माणसाची तपासणी मात्र कुणी कधी केली नव्हती. त्यामुळे तपासून घेताना चेहरा कसा ठेवायचा असतो, हे त्याला चौसष्टाव्या वर्षी शिकावं लागलं.

निवृत्त झाल्यावर कोर्टानं त्याला दोन म्हाताऱ्या माणसांचा पालक नेमलं होतं. पहिला बेलार्मिनो सिल्वेरा. वय नव्वद, मागंपुढं कुणी नाही, रेडिओवर पोर्तुगीज बातम्या लागल्या की जगाकडून दुसरी अपेक्षा नाही. दुसरी जेनेरोझा क्वाद्रोस, वय शहाऐंशी. तिची जीभ शाबूत होती, पण गॅस बंद करायचा राहून जायचा. आणि घरात एकही गालिचा नसताना तिनं एका आठवड्यात दारावरच्या विक्रेत्याकडून गालिचे झाडायची तीन यंत्रं घेतली होती. "इतक्या लांबून आला होता बिचारा," असं तिचं म्हणणं. ओरासिओनं दोघांची औषधं बघायची, सह्या करायच्या, गॅस बंद करायचा, विक्रेते परत पाठवायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

गडबड केली ती एका रकान्यानं.

कोर्टात दर वर्षी एक फॉर्म भरावा लागे. त्यात 'आश्रिताशी नातं' असा रकाना होता. बेलार्मिनोपुढं ओरासिओनं प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं. जेनेरोझापुढं 'अगदी जवळचं' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. कारण ती त्याची मादरिन्या होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याला हातांवर घेऊन देवापुढं जामीन राहिलेली धर्माची आई. सांता एउलालियात सख्ख्या मावशीला विसरलं तर चालतं. मादरिन्याला विसरलेल्या माणसाला न्हावीसुद्धा रांगेत शेवटी बसवतो.

पण कोर्टात त्या वर्षी मिसेस ओस्टरहाउट नावाच्या नव्या कारकून बाई आल्या होत्या. हॉलंडकडच्या घराण्यातल्या. त्यांनी फॉर्मवर पेन्सिल टेकवली.

"मिस्टर बेतेंकुर, ह्या तुमच्या कोण?"

"मादरिन्या."

"म्हणजे आईची बहीण?"

"नाही."

"वडिलांची?"

"नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी मला हातात धरलं होतं."

मिसेस ओस्टरहाउटनी चष्मा काढला. "किती वेळ?"

ओरासिओ जन्मात खोटं बोलला नव्हता. "असेल पंधरा-वीस मिनिटं," तो म्हणाला.

बाईंनी कायद्याचं पुस्तक उघडलं. रक्ताचं, लग्नाचं किंवा दत्तकाचं, एवढीच नाती कायद्याला माहीत होती. एका परक्या माणसाचं पालकत्व कुणीही करावं. पण एकाच वेळी दोन परक्यांचं करणारा धंदेवाईक ठरतो, आणि धंदेवाइकाला राज्याचा परवाना लागतो. त्यासाठी तीस तासांचं शिक्षण, परीक्षा, बोटांचे ठसे आणि चारित्र्याची चौकशी.

"आणि परवाना नसला तर?"

"मेच्या पहिल्या गुरुवारी न्यायाधीश यामाने ह्यांच्यापुढं तारीख आहे. तोवर परवाना दाखवा. नाहीतर क्वाद्रोसबाईंचं पालकत्व शहरातल्या परवानाधारक संस्थेकडं जाईल. 'सोनेरी सायंकाळ सेवा'. चांगले लोक आहेत. घर बंद करतात आणि माणसाला आपल्या वृद्धाश्रमात हलवतात."

मेचा पहिला गुरुवार म्हटल्यावर ओरासिओची मान आपोआप आडवी हलली. कारण त्याच्या पुढच्या रविवारी जेनेरोझाच्या घरी मुकुट यायचा होता.

गावातला पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट पेंटेकॉस्टच्या सणाआधी सात आठवडे सात घरी, एकेक आठवडा मुक्कामाला असतो. घरं चिठ्ठ्या टाकून ठरतात, आणि सातवा आठवडा सगळ्यांत मानाचा. जेनेरोझानं एक्कावन्न वर्षं चिठ्ठी टाकली होती. एक्कावन्न वर्षं ती दुसऱ्यांच्या घरी जाऊन दुसऱ्यांच्या वेदीवरची कागदी फुलं सरळ करून आली होती. गेल्या वर्षी पहिल्यांदा तिचं नाव निघालं, आणि निघालं ते थेट सातव्याला. तेव्हापासून ती पडदे धूत होती. गॅस विसरायची, पण रविवार किती उरले ते नाही.

ओरासिओनं तिला काही सांगितलं नाही. त्यानं ते फक्त ईदालिओला सांगितलं. ईदालिओचं गुरांच्या चाऱ्याचं दुकान होतं, म्हणजे दुपारपर्यंत गावाला कळलं.

"ह्यात अवघड काय आहे?" ईदालिओ पोत्यावर बसत म्हणाला. "बेलार्मिनोला सोडून दे. एकच परका राहील."

"त्याला कुठं सोडू? संस्थेवाले त्याचा रेडिओ काढून घेतील."

"मग बेलार्मिनोचं आणि जेनेरोझाचं लग्न लाव. ते एकमेकांचे नातेवाईक झाले की झालं."

"ती चाळीस वर्षं त्याच्याशी बोलत नाही."

"मग अर्धा संसार झालाय की!"

"आणि उरलेला?"

"उरलेला नवरा ऐकून घेतो," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. ओरासिओ हसला नाही. तो परवान्याचा अर्ज भरायला घरी गेला.

तीस तासांचं शिक्षण शहरातल्या एका कॉलेजात, पाच शनिवार. वर्गात सगळे तरुण वकील, परिचारिका, बँकेतले लोक, प्रत्येकाच्या पुढ्यात संगणक. ओरासिओच्या पुढ्यात दूधनिरीक्षकाची जुनी वही, जिच्या पहिल्या पानावर अजून गायींची संख्या होती. शिकवणारी बाई हुशार होती. तिसऱ्या शनिवारी तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आश्रिताकडून भेट घ्यायची नाही. "कसलीच नाही," ती म्हणाली. "कॉफीसुद्धा नाही. आज कॉफी, उद्या दागिना."

ओरासिओला हे फार पटलं. सरकारी नोकरीत त्यानं हेच केलं होतं. फक्त तेव्हा समोर गोठेवाले होते. आता समोर जेनेरोझा होती, आणि तिच्या घरात शिरलेला माणूस रिकाम्या तोंडानं बाहेर पडल्याची नोंद नव्हती.

सोमवारी तो गेला तेव्हा ताटात गोड पावाचा हा एवढा तुकडा, चीज आणि वाइनचा पेला तयार होता.

"मादरिन्या, मला नको."

"बरं नाही का?"

"बरं आहे. मला घेता येत नाही. नियम आहे."

"डॉक्टरचा?"

"राज्याचा."

म्हातारीनं ताट त्याच्याकडं सरकवलं. "राज्याला माझ्या पावाचं काय दुखणं?"

"आज पाव घेतला तर उद्या मी तुझं घर घेईन, असं त्यांना वाटतं."

"घर घे की. पण आधी पाव खा, गार होतोय."

ओरासिओनं वही काढली आणि म्हणाला की मी पावाची किंमत देतो, तू इथं सही कर. जेनेरोझानं सही केली नाही. तिनं लाकडी पळी उचलली. शहाऐंशीव्या वर्षी तिचा नेम इतका चांगला असेल असं ओरासिओला वाटलं नव्हतं. कानामागं हात धरून तो बाहेर आला, आणि ओट्यावर बसलेल्या शेजारणीनं विचारलं, "परीक्षा झाली वाटतं?"

खरी परीक्षा फेब्रुवारीत झाली, ती तो चांगल्या गुणांनी पास झाला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात त्याच्या डोक्याचा दोष नव्हता. दोष बोटांचा होता.

ठसे घ्यायचं यंत्र गावातल्या पार्सलच्या दुकानात होतं. बर्नाडेट नावाची बाई पार्सलं तोलायची आणि मधल्या वेळात लोकांची बोटं काचेवर दाबायची. तिनं ओरासिओचा अंगठा दाबला. पडद्यावर एक करडा, गुळगुळीत डाग उमटला. तिनं काच पुसली. पुन्हा दाबला. पुन्हा डाग.

"हात धुऊन आलात का?"

"चाळीस वर्षं धुतोय."

तेच तर झालं होतं. प्रत्येक गोठ्यात शिरताना आणि निघताना ऊन पाणी, क्लोरीन, आयोडीन. दिवसाला सहा गोठे. बर्नाडेटनं त्याचा हात उजेडात धरला आणि हाक मारून पार्सलच्या रांगेतल्या चौघांना दाखवला. "बघा हो, ह्यांच्या बोटांवर काहीच नाही! चहाच्या बशीसारखी आहेत."

"सज्जन माणूस," रांगेतला एक म्हणाला. "जिथं गेला तिथं खूण ठेवली नाही."

राजधानीतल्या कार्यालयानं ठसे नाकारले. दुसऱ्यांदा पाठवले, दुसऱ्यांदा नाकारले. मग कळवलं की ठसे उमटत नसतील तर आम्ही नावावरून चौकशी करतो.

ओरासिओला हायसं वाटलं. नाव त्याचं स्वच्छ होतं. अडचण एवढीच की ते एकट्याचं नव्हतं. बेतेंकुर घराण्यात प्रत्येकानं आपल्या थोरल्या मुलाला आजोबाचं नाव द्यायची रीत, आणि आजोबाला मुलगे दोन. त्यामुळं गावात दोन ओरासिओ बेतेंकुर होते. गावाची काही पंचाईत नव्हती. दुसऱ्याला सगळे 'ओरासिओ बोकड' म्हणत. पण सरकारी फॉर्ममध्ये बोकडाला रकाना नव्हता.

दहा दिवसांनी पत्र आलं. ओरासिओनं ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि मग बसला.

"काय लिहिलंय?" बायकोनं, दिओलिंदानं विचारलं.

"मला शिक्षा झाली होती म्हणे. एकोणऐंशी साली."

"कशाबद्दल?"

ओरासिओनं पत्र तिच्याकडं सरकवलं. दिओलिंदानं पत्र घेतलं. वाचता वाचता तिनं ओठ आत घेतले, मग पदरानं... छे, तिला कुठला पदर. स्वयंपाकाच्या फडक्यानं तिनं तोंड झाकलं. तिचे खांदे हलायला लागले.

"दुधात पाणी घातल्याबद्दल," ती कशीबशी म्हणाली.

बोकडाला एकोणऐंशी साली पकडला होता खरा. पकडला होता तो ह्याच ओरासिओनं. त्याच्याच हातचा अहवाल आता त्याच्याविरुद्ध जोडला होता. गुन्हेगार: ओरासिओ बेतेंकुर. तक्रारदार: ओरासिओ बेतेंकुर. कार्यालयानं नम्रपणे विचारलं होतं की आपण स्वतःचीच तक्रार केली होती काय, आणि केली असल्यास त्याबद्दल आता आपल्याला काय वाटतं.

बोकडाच्या कानावर गेलं तेव्हा तो आपणहून आला. मोठ्या मनाचा माणूस. "अरे, मी लिहून देतो ना," तो म्हणाला. "तू मला पकडलंस, पण सभ्यपणे पकडलंस. टोपी काढून." आणि त्यानं दोन पानी शिफारस लिहिली: ओरासिओ बेतेंकुर हा प्रामाणिक, निर्मळ आणि दयाळू मनुष्य आहे, मी त्याला जन्मापासून ओळखतो. खाली झोकदार सही केली. ओरासिओ बेतेंकुर.

ती सही दिओलिंदाच्या लक्षात आली तोवर, शिक्षा झालेला बेतेंकुर दुसराच असल्याच्या ओरासिओच्या खुलाशासकट, पाकीट टपालात गेलं होतं.

त्यावर कार्यालयाचं उत्तर दोन ओळींचं आलं. अर्जदारानं स्वतःची शिफारस करू नये. आपण ते दुसरे बेतेंकुर नाही हे सिद्ध करण्यासाठी कृपया बोटांचे ठसे सादर करावेत.

आता सुनावणीला तीन आठवडे उरले होते. ईदालिओच्या दुकानात बोटांवर उपायांची सभा भरली. कुणी डुकराची चरबी सांगितली, कुणी लिंबू वर्ज्य केलं, कुणी म्हणालं हात पाण्याला लावायचाच नाही. हा शेवटचा उपाय ओरासिओनं घरी जाहीर केला, तेव्हा दिओलिंदा म्हणाली, "चाळीस वर्षं शोधत होतास वाटतं, भांडी न घासायचं कारण?" पण भांडी तिनंच घासली, आणि घासताना पवित्र आत्म्याचं नाव इतक्यांदा घेतलं की ती प्रार्थना नसावी.

अखेर ओरासिओनं जेनेरोझाला सगळं सांगितलं. सांगणं भागच होतं. तिनं वेदीसाठी पायऱ्या करायला सुतार बोलावला होता.

म्हातारी ऐकून घेत होती. संस्था, वृद्धाश्रम, गुरुवार. तिचे हात मांडीवर निवांत होते. घराला कुलूप लागेल म्हटल्यावर तिनं फक्त भिंतीकडं पाहिलं. वेदी तिथं यायची होती. भिंतीला नुकताच पांढरा रंग दिला होता.

"मला सांगितलं नाहीस."

"तुला त्रास नको म्हणून."

"त्रास कुणाला झाला? बोटं दाखव."

त्यानं दाखवली. तिनं अंगठ्यावरून आपला अंगठा फिरवला, दाबला, नखानं खरवडून पाहिला. ज्या बारकाईनं तो दुधात नाक घालायचा, त्याच बारकाईनं.

"कातडी मेलीय," ती म्हणाली. "उद्यापासून सकाळी सहाला यायचं. मुकुटाच्या आठवड्याला रोज संध्याकाळी शंभर माणसं यायची आहेत. पाव मळायला माझ्या मनगटात जोर नाही."

"पण मादरिन्या, नियम..."

"खायचं नाही असा नियम आहे ना? मळायचं नाही असा आहे का?"

ओरासिओनं वही चाळली. नव्हता.

मग तीन आठवडे, दर सकाळी, माजी दूधनिरीक्षक एप्रन बांधून गोड पावाची कणीक मळत होता. लोणी, चरबी, अंडी, कोमट दूध, आणि त्यात कोपरापर्यंत हात. दूध ओतण्याआधी तो सवयीनं त्यात नाक घालायचा. त्याबद्दल पळी दोनदा बसली. पहिले पाव शेजारच्या कोंबड्यांना गेले. दुसऱ्या आठवड्यातले चर्चच्या न्याहारीला गेले आणि कुणी मेलं नाही. जेनेरोझा खुर्चीवर बसून हुकूम सोडायची. "दाब. अजून दाब. ती काही हजार गॅलनची टाकी नाही, हळू बघायला." गॅस ओरासिओच बंद करायचा, पण एका सकाळी तो यायच्या आत तिनं स्वतःच बंद केलेला होता.

सुनावणीच्या आधीच्या शुक्रवारी बर्नाडेटनं त्याचा अंगठा काचेवर टेकवला. पडद्यावर एक रेघ आली. मग दुसरी. मग भोवऱ्यासारखं एक सुबक चक्र. बर्नाडेटनं टाळी वाजवली आणि रांगेतल्या लोकांना पुन्हा बोलावून दाखवलं.

"खमंग वास येतोय हो तुमच्या अंगठ्याला," ती म्हणाली.

गुरुवारी कोर्टाच्या बाकांवर ईदालिओ, दिओलिंदा आणि बोकड बसले होते. पुढं 'सोनेरी सायंकाळ सेवा'च्या मिस प्रेंटिस, करड्या सुटात, मांडीवर फाईल. मिसेस ओस्टरहाउटनी उभं राहून सांगितलं: ठसे मान्य झाले आहेत, अर्जदारानं दुधात पाणी घातलेलं नाही, कार्यालयानं परवाना मंजूर केला आहे, पण तो टपालात आहे.

"म्हणजे आज रोजी परवाना नाही," मिस प्रेंटिस म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. "संस्थेची गाडी बाहेर उभी आहे."

न्यायाधीश यामाने ह्या बारीक चणीच्या बाई होत्या. त्यांनी कागद उलटून पाहिले आणि मग जेनेरोझाकडं वळल्या. "क्वाद्रोसबाई, मिस्टर बेतेंकुर तुमचा नीट सांभाळ करतात का?"

जेनेरोझा उठली. तिनं काळा पोशाख घातला होता, आणि पर्स दोन्ही हातांनी धरली होती.

"हा माझा सांभाळ करतो?" ती म्हणाली. "कुणी सांगितलं तुम्हाला? बाईसाहेब, चव्वेचाळीस साली पाद्रीबाबांनी मला विचारलं, ह्या पोराचे आईबाप गेले तर तू ह्याला बघशील का? मी देवापुढं हो म्हटलं. आईबाप केव्हाचे गेले. तेव्हापासून मी ह्याला बघते. गेले तीन आठवडे तर रोज सकाळी बघितलं, मळताही येत नव्हतं ह्याला. पालक मी आहे. पाद्रीबाबांनी माझी बोटं तपासली नाहीत. आता तुम्हीच सांगा, मला परवाना लागेल का?"

मिस प्रेंटिसनी फाईल उघडली, पण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. न्यायाधीशबाईंनी पुस्तक ओढलं, ते कलम काढलं आणि गंभीरपणे वाचलं.

"तुमच्याकडं असे किती आहेत?"

"हा एकच."

"मग नाही लागणार," न्यायाधीश म्हणाल्या. "कायद्यानं एका आश्रितापर्यंत परवाना लागत नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "टपालासाठी दोन आठवड्यांची मुदत देते. तोवर कुणी कुठंही हलणार नाही. बाहेरची गाडी परत पाठवा."

रविवारी मुकुट आला. पांढऱ्या भिंतीपुढं सात पायऱ्यांची वेदी, कागदी फुलं, सगळ्यांत वर चांदीचा मुकुट आणि त्यावरचं कबूतर. रोज संध्याकाळी माळेची प्रार्थना, मग जेवण. बेलार्मिनोलाही आणला होता; तो रेडिओ मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला, आणि जेनेरोझा चाळीस वर्षांनी त्याच्याशी बोलली. "आवाज कमी कर," एवढंच, पण बोलली.

बुधवारी परवाना आला. ओरासिओ तो चौकटीत घालून घेऊन गेला. मिसेस ओस्टरहाउटही आल्या होत्या, उगीच, जाता जाता म्हणून. त्यांच्या ताटात तिसऱ्यांदा तांदळाची खीर होती.

जेनेरोझानं चौकट हातभर लांब धरून पाहिली. "चांगला आहे. किती दिवस चालतो?"

"वर्षभर. दर वर्षी नवा करायचा. पुन्हा शिक्षण, पुन्हा फी."

"आमचा एकदाच करतात," ती म्हणाली, "आणि माणूस मरेपर्यंत चालतो." तिनं चौकट खालच्या पायरीवर, खिरीच्या वाडग्यामागं ठेवली.

मग मधल्या पायरीवरचा मोठा पाव तिनं उचलला. तो तिनं रविवारपासून कुणाला कापू दिला नव्हता. भाजण्याआधी ओरासिओनं कणीक झाली का म्हणून त्यात बोट दाबलं होतं आणि मार खाल्ला होता. त्या तपकिरी, चकचकीत पाठीवर मधोमध एक अंगठा उमटला होता. रेघ न् रेघ स्पष्ट, सुबक चक्रासकट.

तिनं तेवढाच तुकडा मोडला आणि त्याच्यापुढं धरला.

ओरासिओचा हात वहीकडं गेला. आश्रिताकडून भेट घ्यायची नाही, कसलीच नाही. मिसेस ओस्टरहाउट चमचा तोंडात तसाच ठेवून बघत होत्या. दिओलिंदा बघत होती. बोकड तर टोपी काढून बघत होता.

मग ओरासिओला आठवलं की आश्रित कोण आणि पालक कोण हे खुद्द न्यायाधीशांनी गुरुवारी पुस्तक उघडून सांगितलं होतं. त्यानं वही खिशात घातली, तुकडा नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि एक दीर्घ श्वास घेतला.

मान उभी हलली. मग त्यानं तो खाल्ला.